स्टीलच्या सळ्यांच्या रुळावर सोडलेली गोळी उभ्या लूपच्या माथ्यावरून खाली पडते. ती किती उंचीवरून सोडावी?

लूपच्या तळापासून मोजून, त्याच्या त्रिज्येच्या निदान साडेतीन पट उंचीवरून सोडा. 10 सेंमी त्रिज्येच्या लूपला 35 सेंमी. पुस्तकात 2.5 पट सापडतं, पण ते घर्षणाशिवाय घसरत जाणाऱ्या वस्तूचं गणित. भरीव गोळी गडगडत जाते, थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात खर्च होते, म्हणून आकडा 2.7 होतो. त्यात तुमची गोळी सपाट पट्टीवर नाही, दोन सळ्यांच्या मधे किंचित खाली बसून चालते. गोळी 16 मिमीची आणि तिच्या टेकण्याच्या दोन जागांमधलं अंतर 12 मिमी असेल, तर तेवढ्याच वेगाला ती जास्त गरगरते आणि हिशेब जवळजवळ 3 पटीवर जातो. वरचं अर्धं घर्षणासाठी. सळ्या जवळ घेऊन उंची वाचवता येते, पण मग वळणावर गोळी बाहेर उडते. तो मोह नकोच. मात्र हे सगळं जोड साफ असतील तरच. दोन सळ्या जोडणारे आडवे तुकडे रुळाच्या बाहेरच्या बाजूने वेल्ड करा आणि आतल्या अंगावरून नख फिरवून बघा. अडेल तिथे कानस मारा, नाहीतर चार पट उंचीही पुरायची नाही.