टीबीचा जंतू फुफ्फुसात गेल्यावर प्रतिकारशक्ती लगेच का जागी होत नाही?

जागी होते, पण जी पेशी त्याला सर्वांत आधी गाठते तिच्यातच हा जंतू मुक्काम ठोकतो, म्हणून त्याला नेमक्या ओळखणाऱ्या टी-पेशी यायला काही आठवडे लागतात. हवेतल्या 1 ते 5 मायक्रॉनच्या कणांतून तो वायुकोशांत पोचतो आणि तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू लायसोसोम या पेशीच्या पचनपिशवीतल्या आम्लात आणि विकरांत (पचवणाऱ्या प्रथिनांत) संपतो; टीबीचा जंतू मात्र तो ज्या पिशवीत गिळला गेला ती लायसोसोमशी जुळूच देत नाही आणि आतच वाढतो. खरा उशीर त्यापुढे आहे: डेंड्रायटिक पेशींनी (टी-पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या पेशींनी) जंतूचे अंश लसिकाग्रंथीपर्यंत, म्हणजे टी-पेशी असतात तिथवर, नेल्याशिवाय टी-पेशी कामाला लागत नाहीत, आणि उंदरांत एवढ्यालाच आठवडा-दीड आठवडा जातो. माणसातलं वेळापत्रक थेट पाहता येत नाही. टीबीची त्वचाचाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी संसर्गानंतर 2 ते 8 आठवड्यांनी पॉझिटिव्ह होते, त्यावरून ते ताडलेलं आहे. त्यामुळे रुग्णाशी संपर्क आल्यावर लगेच आलेल्या निगेटिव्ह चाचणीवर विसंबू नका, शेवटच्या संपर्कानंतर 8 ते 10 आठवड्यांनी ती पुन्हा करा. संपर्कात 5 वर्षांखालचं मूल किंवा एचआयव्ही असलेली व्यक्ती असेल, तर मात्र तोवर थांबू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.