हात लावला नाही, पण बोलला

प्रश्न : ऑफिसमधला एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शरीरावरून शेरे मारतो. साहेब म्हणतात, ‘अंगाला हात तर लावला नाही ना?’ नुसत्या बोलण्याला शिक्षा असते का? असावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असते, आणि असायलाच हवी. रोज पोटात गोळा घेऊन कामावर जावं लागणं ही किरकोळ बाब नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५नुसार पुरुषाने स्त्रीवर केलेल्या लैंगिक शेरेबाजीला १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ७९खाली ३ वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे, पण तिथे अपमानाचा हेतू दाखवावा लागतो. शेरेबाजीसाठी स्पर्शाची अट कुठेच नाही. साहेबांचं म्हणणं चूक आहे.

तक्रार फसते ती बहुधा लिहिताना. संकोचापोटी ‘तो अश्लील बोलला’ एवढंच लिहिलं जातं. मग तो शेरा लैंगिक होता की नुसता उर्मट, हे ठरवणार कसं? कितीही लाज वाटली तरी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होतं, हेही त्याच दिवशी टिपून ठेवा. मेसेज असतील तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कार्यालयात अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. शेवटच्या प्रसंगापासून ३ महिन्यांत तक्रारीच्या ६ प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून द्या. उशिराचं कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समेट तुम्ही मागितला तरच होतो, आणि तोही पैशांवर नाही. त्यासाठी कोणी गळ घातली तर बधू नका. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास सुरू करू शकतात. मात्र कलम ७५च्या शेरेबाजीची दखल घ्यायला न्यायालयाला १ वर्षाचीच मुदत आहे, तेव्हा समितीच्या निकालाची वाट बघत बसू नका.

प्रश्न : आरोप सिद्ध झाला नाही तर माझ्यावरच कारवाई होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तेवढ्यावरून नाही. पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं २०१३च्या कायद्यातच म्हटलं आहे. तक्रार जाणूनबुजून, आकसाने केली हे स्वतंत्र चौकशीत ठरावं लागतं.