पाणंदीतली शर्यत डांबरावर आणू नका

प्रश्न : सर, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात तालमीतर्फे दर 26 जानेवारीला 8 किलोमीटरची क्रॉस कंट्री, म्हणजे पाणंदीतून, शेताच्या वाटांनी धावायची शर्यत होते. यंदा तिचं 25वं वर्ष. कमिटीतली तरुण पोरं म्हणतात, आता रस्त्यावर ‘10 किलोमीटर मॅरेथॉन’ घेऊ, टी-शर्ट, मेडल, डीजे सगळं करू. आम्हा जुन्या लोकांच्या मनाला ते पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. (एक कार्यकर्ता)

उत्तर : कारण मी सांगतो, तुम्ही मीटिंगमध्ये मांडा.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. 10 किलोमीटरला ते नाव देऊ नका, पोरांना चुकीचं शिकवल्यासारखं होतं. दुसरं, जानेवारीत तुमच्या रस्त्यावर पहाटेपासून काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हंगाम भरात असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात, वर धुकं. त्या रस्त्यावर शंभर पोरं सोडायची जबाबदारी कोण घेणार?

पण खरं कारण याच्याही पुढचं आहे. मी 31 वर्षं क्रीडाशिक्षक होतो. डांबरावर धावणारा पोरगा एकदा लय धरली की तीच ओढत नेतो. पाणंदीत तसं चालत नाही. नांगरटीत पाय रुततो, बांधावर उडी, ओढ्यात गार पाणी, लगेच माळाचा चढ. दर शंभर पावलांवर पाऊल बदलावं लागतं, घोटे आणि मांड्या तिथेच तयार होतात. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लष्करात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीच धावायचा, मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं. तुमच्या बांधाओढ्यांची किंमत ही आहे.

रान सोपं नसतं, हेही मान्य. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री भर उन्हाळ्यात ठेवली. 38 जण सुटले, 15 पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला खरा, पण कितीतरी जण वाटेत कोसळले आणि त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत पुन्हा झाली नाही. म्हणून सकाळी सातला सुरुवात करा. निम्म्या वाटेवर पाणी ठेवा, गाडी तयार ठेवा.

आणि वळणावर माणूस! एका वर्षी मी घेतलेल्या शर्यतीत विहिरीजवळच्या वळणावरचा माणूस चहाला गेला. पुढची तीन पोरं सरळ उसाच्या फडात शिरली. पाल्यानं हातपाय कापून घेऊन बाहेर आली, तेव्हा पाठचे सगळे पुढे गेले होते. त्यातला एक पोरगा आईला काय सांगू म्हणून रडत बसला होता. वळणावर माणूस आहे की नाही, हे मी स्वतः फिरून बघायला हवं होतं. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून 25 वर्षांचा सत्कार करायचाच असेल, तर आधी त्या लोकांचा करा, जे दर वर्षी पहाटे वाट आखायला फक्की (पांढरी पूड) मारतात आणि शेवटचा धावपटू येईपर्यंत वळणावर उभे राहतात. पाहुण्यांचे हार नंतर.

एक बदल मात्र जरूर करा. सांघिक निकाल लावा. प्रत्येक तालमीचे सहा जण धावतील, पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी तो संघ विजयी. एका तालमीचे 1, 3, 20, 31 आले तर 55. दुसरीचे 2, 5, 9, 14 आले तर 30. पहिला नंबर काढूनही पहिली तालीम हरली. मग पेठेपेठेत चौथा पोरगा शोधायची धडपड सुरू होते, आणि मागे राहणाऱ्यालाही कुणीतरी पहाटे हाक मारायला येतं. कोल्हापूरला ही भाषा कळते.

पैशासाठी मोठा प्रायोजक हवाच, असं समजू नका. 1952 ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं होतं. तुम्हाला तर फक्त पाणी, फक्की, दोरी आणि गुळाचे खडे हवेत.

प्रश्न : सर, माझी मुलगी बारावीत आहे. आमच्याकडे मुलांची शर्यत 8 किलोमीटरची, मुलींची 3 ची. ती म्हणते, मला जास्त धावायचंय. तिला झेपेल का? (एक आई)

उत्तर : ताई, झेपेल. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत 2017 पासून पुरुष आणि स्त्रिया दोघंही 10 किलोमीटर धावतात. 20 वर्षांखालच्या मुली 6, मुलगे 8. तेव्हा तुमच्या गावानं मुलींना 3 वर अडवायचं काही कारण नाही. 6 ची मागणी कमिटीकडे लेखी द्या, सोबत आणखी चार आयांच्या सह्या घ्या.

मुलीला मात्र एकदम 6 पळवू नका. आठवड्यातून चार दिवस, दर आठवड्याला अर्धा किलोमीटर वाढवत न्या. एक दिवस चढावर, सावकाश. तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, या वयात धावणाऱ्या मुलींचं ते बऱ्याचदा कमी भरतं. आणि नुसत्या चहावर सरावाला पाठवू नका. आधी केळं, आल्यावर भाकरी, उसळ, ताक. पहाटेच्या अंधारात एकटी नको, मैत्रीण मिळाली तर दोघींचा सराव टिकतो.

प्रश्न : स्पाइक्सचे बूट घेऊ का? (एक विद्यार्थी)

उत्तर : पहिल्या वर्षी नको. पाणंदीत मध्येमध्ये दगड आणि पक्का रस्ता लागतो, तिथे खिळे घसरतात. खाचांचा तळ असलेले साधे बूट घे आणि शर्यतीआधी एकदा ते घालून ओढ्यातून पळून बघ. ओले झाल्यावर टाच निसटत असेल तर नाडी दुहेरी बांध.