वाचकांचे प्रश्न: ट्रेलरवरून नेता येणारी शीडनौका

प्रश्न: सुमारे 7 मीटर लांबीच्या शीडनौकेचा आराखडा मी करीत आहे. ती मोटारीमागे ट्रेलरवर नेता यावी, शर्यतीत मागे पडू नये आणि सुट्टीत चौघांना दोन-तीन रात्री तिच्यात राहता यावे, अशी अपेक्षा आहे. केबिन आखून झाली असून तिच्यासाठी रुंदी 2.75 मीटर धरली आहे. कील, म्हणजे नौकेच्या बुडाखाली पाण्यात जाणारे वजनदार पाते, कायमची बसवावी की वर उचलता येणारी?

उत्तर: कीलचा प्रश्न आपण केबिननंतर विचारलात, तो खरे तर आधी यायला हवा होता. अशा नौकेच्या रुंदीवर पहिला हक्क रस्त्याचा असतो. युरोपीय संघात वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा 2.55 मीटर आहे आणि अमेरिकेत ती 8 फूट 6 इंच, म्हणजे सुमारे 2.59 मीटर आहे. आपली नौका दोन्हीकडे बसत नाही. रुंदी 2.5 मीटरवर आणावी, तर आकारामुळे मिळणारी स्थिरता रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने, लांबी तीच राहूनही तिचा जवळजवळ चौथा हिस्सा जातो. ही तूट भरून काढण्यासाठी नीरम, म्हणजे तोल राखणारे वजन, शक्य तितके खोल न्यावे लागते. पण खोल आणि कायमची कील असलेली नौका ट्रेलरवर उंच बसते आणि साध्या रॅम्पवरून पाण्यात उतरवणे अवघड होऊन बसते, म्हणून बहुधा क्रेन शोधावी लागते. त्यामुळे माझे मत उचलता येणाऱ्या कीलच्या बाजूने आहे.

दोन प्रसिद्ध नौका शेजारी ठेवून पाहाव्यात. 1970 च्या दशकातील जे/24 ची रुंदी 2.71 मीटर, कायमची कील 1.22 मीटर खोल आणि वजन सुमारे 1,400 किलो आहे. 2012 मध्ये आलेली जे/70 केवळ 2.25 मीटर रुंद आणि सुमारे 800 किलोची असून तिची उचलता येणारी कील 1.45 मीटर खोल जाते. मात्र दुसरीची केबिन फारच आखूड आहे, आणि तेच तिच्या हलकेपणाचे मोल आहे.

हलकेपणाचा लाभ वेगात दिसतो. पाणरेषेची, म्हणजे नौका पाण्याला टेकते त्या रेषेची, लांबी 6.25 मीटर असेल, तर जड नौका साधारण 6 नॉट्सच्या (ताशी सुमारे 11 किलोमीटरच्या) पुढे जाताना स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. हलकी, सपाट बुडाची नौका अनुकूल वाऱ्यात पाण्यावर घसरू लागते आणि ही मर्यादा ओलांडते. परंतु 800 किलोच्या नौकेत अन्न, पाणी, नांगर आणि अंथरुणे मिळून 200 किलो भरले, की ही घसरण दुर्मीळ होते. शिवाय शर्यतीत काठावर बसणारे चौघे हेही तिचे नीरमच असते. सहलीत ते आत झोपलेले असतील, तर शीड वेळेआधीच लहान करावे लागेल. म्हणून चार बिछान्यांऐवजी दोन नीट बिछाने ठेवावेत, असे मी सुचवेन. कीलची पेटी केबिनच्या मधोमध येते, ती टेबलाचा आधार म्हणून वापरता येते. नौका चालताना कील खाली पक्की जखडली गेलीच पाहिजे, कारण नौका उलटली आणि कील आत सरकली, तर ती परत सरळ होण्याची आशा राहत नाही.

प्रश्न: शिशाऐवजी पाण्याचे नीरम घेतले, तर ट्रेलरचे वजन वाचेल का?

उत्तर: वाचेल, कारण टाकी रिकामी करून निघता येते. पण 300 किलो शिसे जेमतेम 27 लिटर जागेत मावते, तर तितक्याच पाण्याला सुमारे 300 लिटर जागा लागते, आणि टाकी नौकेच्या बुडातच ठेवावी लागत असल्याने ते वजन कीलच्या टोकाइतके खोल नेता येत नाही. थोड्या कलावर त्याचा उपयोग नगण्य असतो. निवांत सहलीच्या नौकेला हे चालेल. शर्यतीचा विचार असेल, तर शिसेच घ्यावे.