रेंज जाणार असं धरूनच निघ

प्रिय,

तू दुर्गम भागात कामाला जायचं ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त तुझी खरेदीची यादी वाचून काळजी वाटली. नवा फोन, हातातलं घड्याळ, आवाजावर लागणारे दिवे, दारावरचा कॅमेरा, आणि शेवटी प्रश्न, 'तिथे नेट बरं चालेल ना?' बरं चालेल असं मनात धरूच नकोस. ते जाईल, वेळीअवेळी जाईल, कधी दोन-दोन दिवस येणार नाही. तयारी त्या दिवसांसाठी करायची.

म्हणून निघण्याआधी, अजून चांगलं नेट हाताशी आहे तोवर, एक पूर्ण दिवस राउटर आणि फोनचा डेटा बंद ठेव आणि यादीतली प्रत्येक वस्तू वापरून बघ. जो दिवा भिंतीवरच्या बटणावरही लागतो, तो खुशाल ने. ज्याची आज्ञा आधी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि मग तुझ्याच खोलीत परत येते, तो तिथे अंधारातच ठेवेल. कॅमेरा कार्डावर चित्रण साठवत असेल तर कामाचा. ॲपचंही तसंच. काही ॲप उघडताना परवाना तपासतात आणि नेट नसेल तर उघडतच नाहीत. हे घरी कळलेलं बरं.

आता रेंजबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप इथेच वाया जातो. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नकोस. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये सिम किंवा नेटवर्कच्या माहितीत असतो, डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, उणे चिन्हासह. 4जीसाठी उणे 85 म्हणजे उत्तम, उणे 100 म्हणजे चालण्याजोगं, उणे 115 च्या खाली गेलं की ओढाताण सुरू. ही मोजपट्टी सरळ नाही हे लक्षात ठेव: 3 ने सुधारणा म्हणजे सिग्नलची ताकद दुप्पट, 10 ने म्हणजे दहापट. त्यामुळे खिडकीपाशी, वरच्या मजल्यावर, घराच्या दुसऱ्या अंगाला फोन नेऊन आकडा बघत फिर. चार पावलांवर जमीन-अस्मानाचा फरक सापडतो, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

आकडा चांगला असूनही पान उघडत नसेल तर दुखणं वेगळं आहे. एका टॉवरची क्षमता त्याच्यावरचे सगळे वाटून घेतात. संध्याकाळी सगळे एकदम नेटवर आले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं, किंवा टॉवरपासून पुढे इंटरनेटपर्यंतची जोडणीच अपुरी असते. त्यावर अँटेना लावून उपयोग नाही. पहाटे उठून मोठ्या फायली उतरव. हा फरक न ओळखता लोक महागडी अँटेना घेतात आणि निराश होतात. तुझं तसं होऊ नये.

सिग्नलच खरोखर कमी असेल तर अँटेनाचा उपयोग होतो. बाहेरची अँटेना जोडायची सोय असलेला सिमवाला राउटर घे आणि टॉवरच्या दिशेने रोखलेली अँटेना उंचावर लाव. अँटेना ते राउटर ही तार मात्र जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेव, कारण मिळवलेला सिग्नल लांब तारेतच जिरतो. राउटर वर, पाणी शिरणार नाही अशा पेटीत बसवून खाली साधी नेटवर्क केबल आणणं शहाणपणाचं. ती 100 मीटरपर्यंत काही न गमावता चालते. बाजारात मिळणारे सिग्नल वाढवणारे बूस्टर घेऊ नकोस. परवानगीशिवाय ते लावणं अनेक देशांत गुन्हा आहे आणि त्यांचा गोंगाट आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो. फोन निवडताना तिथली कंपनी कोणते बँड, म्हणजे लहरींचे कोणते पट्टे, वापरते ते आधी विचार. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंती भेदतात. 2300 च्या वेगवान असतात, पण लवकर थकतात. तिथला दूरचा बँड फोनमध्ये नसेल तर बाकीच्या गुणांना अर्थ नाही.

टॉवरच नसेल तर उपग्रह उरतो. 35,786 किलोमीटरवरच्या भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहामार्फत एक विनंती जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणून बोलताना सतत एकमेकांचं तोडलं जातं. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवरून बोलताना हा उशीर जाणवत नाही, पण त्यांच्या तबकडीला मोकळं आकाश आणि अखंड वीज हवी.

विजेचा हिशेबही नेटशी जोडलेला आहे. टॉवर लांब असला की फोन जोर लावून प्रसारण करतो आणि रेंज शोधत राहतो, त्यामुळे तिथे तुझी बॅटरी इथल्यापेक्षा लवकर संपेल. 5जी नसेल तिथे फोन 4जीवर बांधून ठेव, रात्री विमान मोडवर टाक. आकाशात वीज कडाडू लागली की राउटरचा प्लग तर काढच, पण बाहेरून येणारी नेटची तारही काढ. बहुतेक जण ती विसरतात आणि राउटर तिथूनच जळतो.

नकाशे आधीच उतरवून घे. जीपीएसला नेट लागत नाही, फोन उपग्रहांचं नुसतं ऐकतो. नेटची मदत नसल्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागेल, तेव्हा उघड्यावर थांब. किविक्स नावाच्या मोफत ॲपमध्ये विकिपीडिया साठवता येतो, आणि अवघा इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट 256 जीबीच्या कार्डात मावतो. खात्यांचे ओटीपी एसएमएसवर ठेवू नकोस. कोड तयार करणारं ॲप वेळेवरून फोनमध्येच गणित करतं, दर 30 सेकंदांनी नवा कोड देतं, त्याला रेंज लागत नाही. खाती परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून घे. फोन हरवला तर तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येते.

घरच्यांना आणि कामावरच्यांना आधीच सांगून ठेव की उत्तर उशिरा येईल, आणि किती उशीर झाला तर काळजी करायची तेही ठरव. ही गोष्ट मला सगळ्या यंत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. तू सुखरूप असताना इकडे कुणीतरी रात्रभर फोनकडे बघत बसणं फार वाईट. डेटा मेला तरी एसएमएस अनेकदा जातो. देवनागरीत एका संदेशात काना-मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून 70 चिन्हं मावतात, म्हणून 'बरं आहे' हे आधी लिही, बाकीचं नंतर.

पोचल्यावर लगेच काही विकत घेऊ नकोस. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ, घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतला डीबीएमचा आकडा वहीत टिप आणि शेजारी लिही की पान उघडलं की नाही. ती पानं मला पाठव. मग अँटेना घ्यायची की पहाटेचा गजर लावायचा, ते आपण ठरवू.

तुझी,
ताई