टर्बो की नियमित गती? आधी लेव्हल किती मिनिटांची आहे ते तपासा

ऑनलाइन पोकरच्या नियमित गतीच्या सुमारे 250 स्पर्धांत 30 टक्के नफा झाला, त्यानंतरच्या 400 टर्बो, म्हणजे वेगवान, स्पर्धांत मात्र 12 टक्के तोटा झाला, तेव्हा टर्बो कायमचे सोडावे का, असा तुमचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी मी नेमका याच पेचात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्लाइंड (दर डावाआधी दोन खेळाडूंनी आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम, मोठी ती बिग आणि लहान ती स्मॉल), लेव्हल (ब्लाइंड पुढच्या वेळी वाढेपर्यंतचा काळ), बबल (बक्षिसे सुरू होण्याच्या अगदी आधीचा टप्पा), लेट रजिस्ट्रेशन (स्पर्धा सुरू झाल्यावरही प्रवेश मिळण्याची मुदत) वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. मी पोकरवर पोट भरणारा माणूस नाही, त्यामुळे माझ्या मतांना तेवढेच वजन द्यावे. शिवाय पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणे अनेक ठिकाणी कायद्याने बंद आहे, आणि तिथल्या वाचकांनी पुढचे सगळे निव्वळ गणित म्हणून वाचावे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचे दोन्ही आकडे अजून काहीच सांगत नाहीत. मोठ्या स्पर्धांत बहुतेक वेळा प्रवेशाचे पैसे पूर्ण जातात आणि क्वचित एकदा मोठे बक्षीस लागते, त्यामुळे एका स्पर्धेमागचे प्रमाण विचलन (चढउतारांचे माप) प्रवेश रकमेच्या कित्येक पट असते. ते पाच पट धरले, तर 400 स्पर्धांनंतर तुमच्या सरासरीतील प्रमाण त्रुटी (ती साधारण किती चुकलेली असू शकते) पाच भागिले 400 चे वर्गमूळ वीस, म्हणजे 25 टक्के निघते. उणे 12 टक्के दिसत असताना तुमचा खरा परतावा अधिक 10 असू शकतो आणि उणे 30 सुद्धा. दहा हजार स्पर्धा झाल्या तरी ही त्रुटी पाच टक्क्यांपर्यंतच खाली येते. तोट्याने खचू नका हे सांगणे सोपे आहे, पण 250 स्पर्धांतल्या 30 टक्के नफ्यावरही तितकाच कमी विश्वास ठेवा, हे मी अधिक जोर देऊन सांगेन.

आता गतीचा प्रत्यक्ष परिणाम पाहू. नऊ जणांच्या ऑनलाइन टेबलावर मिनिटाला साधारण एक डाव होतो. लेव्हल पाच मिनिटांची असेल तर एका लेव्हलमध्ये बिग ब्लाइंड सगळ्यांपर्यंत फिरतही नाही. चार जण त्या लेव्हलचा बिग ब्लाइंड न भरताच पुढच्या लेव्हलमध्ये जातात. नियमित स्पर्धेत बारा मिनिटे मिळाली तर एक पूर्ण फेरी होऊन वर थोडे डाव उरतात. त्यामुळे टर्बोमध्ये सरासरी स्टॅक (हाती असलेल्या चिपा) लवकरच पंधरा-वीस बिग ब्लाइंडवर येतो आणि फ्लॉपनंतर (टेबलावर सामाईक तीन पत्ते उघडल्यावर) प्रतिस्पर्ध्याला हळूहळू अडकवण्याचे जे कसब तुम्ही नियमित स्पर्धांत कमावले, त्याला वावच उरत नाही.

याचा अर्थ टर्बो म्हणजे निव्वळ नशीब असा नव्हे, तिथे कसब वेगळ्या जागी लागते, एवढेच. समजा तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर आहात, तुमच्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले आहेत, तुमच्याकडे दहा बिग ब्लाइंड आहेत आणि हातात बदामचा राजा व किलवरची पंजी आहे. नियमित स्पर्धेत मुरलेला खेळाडू हे पत्ते बिनदिक्कत टाकून देतो. अँटे (प्रत्येकाने दर डावाला भरायची रक्कम) नसताना आणि केवळ चिपांच्या हिशेबाने पाहिले, तर नॅश समतोलानुसार (कुणालाही एकट्याने खेळ बदलून फायदा होणार नाही अशा स्थितीनुसार) इथे सुमारे 58 टक्के पत्त्यांवर ऑल-इन करणे, म्हणजे सगळ्या चिपा लावणे, योग्य ठरते, आणि राजा-पंजी त्यात आरामात बसते. समोरच्याने सुमारे 37 टक्के पत्त्यांवर कॉल करायला हवा; माझ्या पाहण्यातले हौशी खेळाडू याहून बरेच कमी कॉल करतात, आणि टर्बोतला नफा मुख्यतः तिथूनच येतो. बबलजवळ मात्र अशा टक्केवारीचे तयार तक्ते जसेच्या तसे वापरू नयेत, कारण चिपा दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही. तिथे आयसीएमचा (चिपांवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढण्याच्या पद्धतीचा) हिशेब धरूनच सराव करावा लागतो.

संकेतस्थळ प्रवेशावर स्वतःसाठी घेते त्या शुल्काचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, म्हणून एकच उदाहरण देतो. बक्षीस निधीत 100 जातात आणि सरासरी तुम्ही 116 परत मिळवता असे धरा. शुल्क 10 असेल तर 110 गुंतवून सहा सुटतात, म्हणजे साडेपाच टक्के. शुल्क 5 असेल तर 105 वर अकरा सुटतात, म्हणजे जवळपास साडेदहा टक्के. खेळ तोच, परतावा जवळपास दुप्पट. टर्बोमध्ये चांगल्या खेळाने इतरांवर मिळवायच्या फरकाची जागा मुळातच कमी असते, म्हणून तिथे नियमित स्पर्धेइतकेच शुल्क घेणाऱ्या जागी मी खेळत नाही आणि इतरांनीही खेळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही तासाचा हिशेब केला तर चित्र पालटू शकते. शुल्क धरून 110 चा प्रवेश, नियमित स्पर्धेत 20 टक्के परतावा आणि एका प्रवेशामागे सरासरी दोन तास असतील, तर एका टेबलावर तासाला 11 मिळतात. टर्बोत 8 टक्के परतावा आणि पाऊण तास असेल तर तासाला 11.7. टर्बो किंचित पुढे आहे, पण फुकट नाही: चढउतार जवळपास तेवढेच आणि परतावा अडीच पट कमी, त्यामुळे बुडण्याची जोखीम तेवढीच ठेवायची असेल तर गंगाजळी अंदाजे अडीच पट लागते. हा दुसरा भाग सांगितल्याशिवाय जे टर्बोची शिफारस करतात, त्यांचे ऐकू नका.

यापुढचे जरा कडवटपणे लिहिले जाईल, कारण माझे सर्वाधिक नुकसान कोणत्याही डावात झाले नाही, ते एका पोकर संकेतस्थळाच्या ग्राहक सेवा विभागामुळे झाले. नाव देत नाही. तिथे मी खेळत असलेली स्पर्धा लॉबीत (संकेतस्थळावरच्या स्पर्धांच्या यादीत) नियमित गतीची म्हणून दाखवली जात असे आणि समोर बारा मिनिटांची लेव्हल लिहिलेली असे. मधल्या काळात त्यांनी रचना बदलली: लेट रजिस्ट्रेशन संपेपर्यंत बारा मिनिटे आणि त्यानंतर सहा. स्पर्धेचे नाव तेच, शुल्क तेच, आणि लॉबीत पहिल्याच लेव्हलची मिनिटे. ज्या टप्प्यावर खरे पैसे ठरतात, नेमका तोच टप्पा टर्बो झाला होता. माझ्या नोंदवहीत नियमित स्पर्धांचा परतावा घसरत गेला आणि मी फ्लॉपनंतरचा खेळ बिघडला असे समजून तोच सुधारत बसलो.

संशय आल्यावर मी एकच प्रश्न विचारला, बदल कोणत्या तारखेपासून झाला. उत्तरात नियमावलीतला उतारा आला, की स्पर्धेची रचना पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा हक्क संकेतस्थळाकडे राखीव आहे. मी हक्काबद्दल विचारलेच नव्हते. पुन्हा तारीख विचारली, तर दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून तोच उतारा आला आणि खाली माझे समाधान झाले का, ते तारे देऊन सांगा अशी विनंती होती. मग जुन्या डावांच्या हँड हिस्टरीची मागणी केली, कारण प्रत्येक डावावर वेळ आणि ब्लाइंड नोंदलेले असतात व त्यावरून लेव्हलची लांबी कुणालाही काढता येते. त्या काळी तिथे त्या आपोआप संगणकावर साठवण्याची सोय नव्हती, मागूनच घ्याव्या लागत. आणि विभागाने फक्त अलीकडचा काळ देता येईल असे कळवून प्रकरण बंद केले. परिणामी माझ्या नोंदींचा मोठा हिस्सा ना नियमित राहिला ना टर्बो, आणि तो वगळण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एखादे बक्षीस हुकले असते तर त्याचे इतके वाईट वाटले नसते. तारीख सांगायला त्यांना काय खर्च आला असता, हे मला आजही कळलेले नाही.

म्हणून तुमच्या 650 स्पर्धा नावावरून विभागू नका. लॉबीतल्या रचनेच्या पानावर शेवटच्या लेव्हलपर्यंत खाली जाऊन मिनिटे पाहा, ब्लाइंड दर लेव्हलला कितीने वाढतात ते पाहा, आणि सुरुवातीचा स्टॅक किती बिग ब्लाइंडचा आहे तेही पाहा. सावकाश लेव्हल पण दर वेळी दुप्पट होणारे ब्लाइंड असतील तर ती स्पर्धा प्रत्यक्षात टर्बोच असते. त्या पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवा आणि हँड हिस्टरी दर आठवड्याला स्वतःकडे उतरवून घ्या.

जाता जाता एक बारीक गोष्ट: टर्बो खेळताना इंटरनेटची पर्यायी जोडणी हाताशी असू द्या. दोन मिनिटांचा खंड नियमित स्पर्धेत विसरला जातो, पाच मिनिटांच्या लेव्हलमध्ये मात्र जवळपास अर्धी लेव्हल गेलेली असते. आणि दोन-तीन मिनिटांच्या लेव्हल असलेल्या हायपर स्पर्धांकडे, वरचे ऑल-इनचे तक्ते अगदी अंगवळणी पडेपर्यंत, वळूच नका. माझ्या मते तिथे शुल्क भरून उरेल एवढा फरक फार थोड्यांना काढता येतो, अर्थात ज्यांना जमते ते माझ्याशी सहमत होणार नाहीत. विभागणी केल्यावर प्रत्येक गटात किती स्पर्धा आल्या आणि शुल्क किती टक्के होते ते कळवलेत, तर त्यावर अधिक नेमके बोलता येईल.