मोठ्या माणसाने भयकथा, विज्ञानकथा वाचणं पोरकट आहे का?

नाही. आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी बहुतेक वेळा त्यातलं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. तुम्ही लिहिलंय की लग्न झालं, मूल झालं तरी भुताखेतांचं आणि परग्रहाचं वाचतो म्हणून घरचे हसतात. हे वाचून माझं जुनं दुखणं वर आलं, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

आमचे दाजी इथे नाशिकलाच, गंगापूर रोडला राहतात. रिटायर्ड मराठीचे शिक्षक, माणूस एकदम सरळ, पण पुस्तकांचा विषय निघाला की आमचं वाजतंच. मी भाच्याला भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं एक पुस्तक दिलं होतं. पोरगं तोपर्यंत मोबाईल सोडून काही हातात धरत नव्हतं, ते जेवण विसरून वाचत बसलं आणि रात्री बाथरूमला जायला आईला उठवलं. झालं! रविवारी सगळे जेवायला बसलो तर दाजींनी भर पंगतीत मला झापलं, म्हणे तुझ्या असल्या वाचनाने पोरगं भित्रं झालं, याला काय साहित्य म्हणतात का. मी म्हटलं दाजी, तुम्ही जन्मभर वर्गात धडे शिकवले, एका तरी पोराची झोप उडाली का? आमरसाची वाटी तशीच ठेवून उठले. ताई आजही मलाच दोष देते. पण पोरगं त्यानंतर स्वतःहून सावानाचं, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, कार्ड काढून आलं हे कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या पुस्तकांवर वाचकाला खोटी रिअ‍ॅक्शन देता येत नाही. गंभीर कादंबरी न कळता पण माणूस 'वा, काय आशय आहे' म्हणून मान डोलावू शकतो, भयकथा वाचून एक तर मागे वळून बघतो नाहीतर जांभई देतो. आणि प्रत्येकाची भीती पण वेगळी असते. माझ्या बायकोला धारपांची भुतं वाचून हसू येतं, पण रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ती एकटी असताना वाचत नाही, कारण तिथे घर आपल्यासारखं आणि माणसं शेजारच्यांसारखी. सातपूरला आमच्या कंपनीत एका ऑपरेटरने माझ्याकडून ऑर्वेलच्या '१९८४'चा अनुवाद नेला. पुस्तक १९४९ सालचं, त्यातलं सरकार प्रत्येकावर सतत नजर ठेवतं. परत देताना म्हणतो, "हे आपल्या एचआरने लिहिलंय का?" नवीनच कॅमेरे लागले होते तेव्हा मशीनवर. याच्याइतकं चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

आता खरी गंमत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये साहित्य संमेलन नाशिकला आलं, आडगावला, आणि अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे शास्त्रज्ञ जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत. आमचे दाजी मात्र नवीन जॅकेट घालून तिन्ही दिवस हजर, आणि घरी येऊन सांगतात की विज्ञानकथा हा मराठीतला फार महत्त्वाचा प्रवाह आहे! मी विचारलं, नारळीकरांचं काय वाचलंत? तर विषय संक्रांतीच्या गुळावर गेला. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली तीच मुळात नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून नंबर द्यायला नको. पहिलं बक्षीस मिळालं. जगतापांची ती कथा दाजींच्या हातात पडली असती तर रद्दीत गेली असती हे मी लिहून देतो.

वर दरवर्षी श्रावणात दाजींकडे नवनाथांची पोथी लागते. त्यात संजीवनी मंत्र म्हणता म्हणता चिखलाच्या पुतळ्यात जीव येतो आणि गहिनीनाथ जन्मतात, ते दाजी डोळ्यात पाणी आणून वाचतात. एखाद्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाने जिवंत माणूस बनवला की तेच लगेच पोरखेळ. (पोथी श्रद्धेचा विषय आहे मान्य, ही तुलना तुम्ही घरी मोठ्यांसमोर करू नका, मी केली आणि प्रसाद न घेता परत आलो.)

काय वाचू हे पण विचारलंय तुम्ही. धारप घ्या, पण समर्थांच्या कथांपासून सुरुवात नको (समर्थ म्हणजे धारपांचं वाईट शक्तींना हरवणारं पात्र), समर्थ आले की आता सगळं ठीक होणार हे आपल्याला कळतं आणि भीती निम्मी होते. नारळीकरांच्या आधी कथा वाचा, मग 'प्रेषित'. फँटसीचं मला विचारू नका, ड्रॅगन आला की मी पुस्तक मिटतो, पण ती माझी आवड, त्यावरून कोणाला पोरकट म्हणत नाही.

आणि हो, खरोखरच रात्रभर झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल तर भयकथा दिवसा वाचा किंवा काही दिवस सोडा, त्यात कमीपणा नाही. लहान पोरांना देताना पण जरा बघून द्या. भाच्याला मी दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर दिलं होतं. दाजी अजूनही सगळ्या नातेवाइकांत बोर्डाच्या आधी दिलं म्हणून सांगत फिरतात.